समुद्राच्या आधी गाठ

(जळगावात नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्राचार्य बाई, पालकहो आणि मुलींनो,

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि नौदलाचं अधिकारी-प्रशिक्षण’. अर्ज, वय, परीक्षा हे सगळं शेवटी सांगतो. आधी बाकावरची त्रिकोणी पट्टी घ्या आणि शेजारणीच्या हाताला झोळी बांधा.

बांधली? आता गाठ निरखून बघा. दोन्ही टोकं आपापल्या पट्टीला समांतर पडली असतील तर ती रीफ गाठ. टोकं आडवी, काटकोनात फाकली असतील तर फसवी. उजवं टोक डाव्यावरून घ्यायचं; ते डावीकडे आलं की आता तेच उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलं की गाठ फसते. ताण आला की ती सरकते, नाहीतर अशी आवळते की सुटता सुटत नाही. रीफ गाठ सपाट बसते, गळपट्टीच्या हाडाला रुतत नाही आणि एक टोक उलट ओढलं की सुटते. ही मूळची खलाशांची गाठ, शीड आखडायची. म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रथमोपचारातच तुम्ही नौदलाचा एक धडा शिकता, पण हे तुम्हाला कुणी सांगतच नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे. ‘आपल्यापासून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, समुद्राशी आपला काय संबंध?’ असं म्हणत तयारीच्या नावाखाली आपण मुलींच्या हातात फक्त प्रश्नसंच देतो.

एक मात्र सांभाळा. या गाठीवर माणसाचा भार कधी टाकायचा नाही. उचलायच्या दोराला बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची गाठ लागते.

उचलण्यावरून नील रॉबर्टसन स्ट्रेचर आठवलं. जहाजात जिने उभे आणि झाकणाची दारं अरुंद, तिथे आपलं चाकांचं स्ट्रेचर वळतच नाही. म्हणून जाड कॅनव्हास आणि त्यात शिवलेल्या उभ्या लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्या. जखमीला त्यात गुंडाळायचं, कपाळावर एक पट्टा, अंगावर बाकीचे. रावेर-सावद्याच्या मंडळींना हे लगेच कळेल. गाडीत केळीचा घड हलायला जागा राहिली की माल काळा पडतो, म्हणून पानं कोंबतात. इथेही रिकामी जागा ठेवायची नाही. पण छातीवरचा पट्टा आवळताना रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावा, नाहीतर वर पोचेपर्यंत तो गुदमरेल. आणि हमखास विसरतात तो पायाकडचा दोर. खालून तो धरणारं कुणी नसेल तर जखमी लंबकासारखा झुलतो आणि दाराच्या कडेवर आपटतो.

सलाइनचंही तसंच. 500 मिली, चार तास, मिलीला 20 थेंबांचा सेट: मिनिटाला किती? बरोबर, 42. पण जहाज डोलतं तेव्हा बाटली झुलते, थेंब पडतो तो चेंबर तिरका होतो, थेंब त्याच्या कडेवरून ओघळतो आणि मोजता येत नाही. बाटली वर टांगून खालूनही बांधा. नळीचा एक वळसा हातावर चिकटवा, म्हणजे हिसका सुईला बसणार नाही.

आता पोहणं. अमेरिकेत नागरी विद्यापीठातली नर्सिंगची मुलं शिकता शिकताच नौदलाची मिडशिपमन, म्हणजे प्रशिक्षणार्थी अधिकारी होतात. 1926 पासूनच्या त्या योजनेत नर्सिंगसाठी वेगळी शाखा आहे. तिच्यात कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र माफ, पोहणं मात्र माफ नाही. उंचावरून पाण्यात उडी, 50 यार्ड पोहणं, पाच मिनिटं पालथं तरंगणं, शिवाय अंगावरच्या कपड्यात हवा भरणं. पँटचे पाय टोकाशी गाठून हवा भरायची आणि कंबर पाण्याखाली आवळून धरायची. कापड ओलं असेल तरच हवा टिकते, वाळलं की झिरपते. आपल्याकडे पोरं विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकत. मुलींना मात्र काठावर बसवलं जाई. तेवढं बदला.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

भारतीय नौदलात नर्सेसची वेगळी शाखा नाही. तिन्ही दलांसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस एकच, तीही 1926 पासूनची. म्हणून एळीमलाच्या नौदल अकादमीत नर्सिंगवाल्या जात नाहीत. कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात काम करणारी नर्सिंग अधिकारीही भूदलाचीच पदनामं लावते. सुरुवात लेफ्टनंटपासून. नौदलातला लेफ्टनंट मात्र भूदलाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा असतो, मुलाखतीत गोंधळू नका.

आजवर ही भरती मुलींचीच आहे. बारावीनंतरची वाट म्हणजे सैन्यदलांच्या नर्सिंग महाविद्यालयांत चार वर्षांचं बी.एस्सी. पुण्याला ए.एफ.एम.सी. (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईला अश्विनी आपल्याला जवळची. जीवशास्त्र, भौतिक, रसायन, इंग्रजी हवं, ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यायची, मग लेखी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. तुम्ही ज्या आधीच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या महाविद्यालयांत आहात, त्यांच्यासाठी पदवी आणि नोंदणीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती अधिकारी म्हणून नेमणूक. वय आणि उंचीच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच बघा, मैत्रिणीच्या मोबाइलवरून नको.

माझा आग्रह एवढाच, प्राचार्य बाई. पदवीच्या चार वर्षांत दर शनिवारी दोन तास द्या. पहिल्या वर्षी गाठी आणि पोहणं, दुसऱ्या वर्षी जिन्यावरून स्ट्रेचर, तिसऱ्या वर्षी हलत्या वाहनात सलाइन आणि नोंदी, चौथ्या वर्षी इंग्रजीतून तोंडी रुग्णहवाला, म्हणजे पुढच्या नर्सला रुग्णाची माहिती देणं. खर्च दोर, कॅनव्हास आणि तरणतलावाच्या फीचा.

पट्ट्या परत देताना गाठी सोडवून द्या. ज्यांची सुटत नाही त्यांनी कात्री लावू नका, इकडे घेऊन या.