सीतेच्या दंडाला बेटकुळी कशी?

(दृश्य: जुनी, ओरखडे पडलेली काळी-पांढरी फिल्म. पाण्याचा हौद.)

हौदात राणी आणि तिच्या दासी. पाणी उडतंय, लुगडी अंगाला चिकटली आहेत, नुसतं खिदळणं चाललंय. एवढ्यात राजा येतो आणि राणीला हाक मारतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटातला हा प्रसंग मी घरी लावला, तेव्हा माझी मावशी चहाचा कप हातात घेऊन थेट पडद्याशी गेली. चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, “अगं, यातली एक तरी नाजूक आहे का? सगळ्या तालमीतनं आल्यासारख्या दिसतायत!”

मावशीची नजर पक्की. त्या हौदात एकही बाई नाही.

दादासाहेब फाळक्यांनी बायका शोधल्या नाहीत असं नाही. जाहिरात दिली. तिचा उपयोग होईना, तेव्हा वेश्यावस्तीतही जाऊन विचारून आले. तिथूनही नकार! सिनेमात काम करणं तेव्हा तिथेसुद्धा कमीपणाचं वाटत होतं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत त्यांना राणी सापडली. बारीक अंगकाठी, नाजूक हात. नाव अण्णा साळुंके. खाणावळीत पगार 10 रुपये, फाळक्यांनी 15 देऊ केले आणि तारामती मिळाली.

मग मिशांचा घोळ. बाईचं काम करायचं तर मिशी उतरवावी लागणार, आणि वडील हयात असताना मिशी काढायची नाही हा त्या काळचा रिवाज. मंडळी अडून बसली. फाळक्यांना एकेकाची समजूत काढावी लागली, असं सांगतात. त्या हौदातल्या दासींकडे आता पुन्हा बघा. पाण्यात भिजण्यापेक्षा वरच्या ओठाला लागणारा वारा त्यांना जास्त झोंबत असणार.

(दृश्य: गिरगावातला रस्ता, आजचा. रहदारीचा आवाज.)

3 मे 1913. इथे गिरगावात, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, हा चित्रपट लोकांसमोर आला.

मावशीचा पुढचा प्रश्न तयारच होता. “हे सगळे असे दुडुदुडु का पळतायत? गाडी चुकतेय का यांची?”

यात नटांचा काही दोष नाही. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेराही हँडलवरच चालायचा. हात साधारण सेकंदाला 16 चौकटींच्या, म्हणजे फ्रेमच्या, बेताने फिरत असे. पुढे बोलपट आले, आवाजासाठी वेग पक्का करावा लागला आणि प्रोजेक्टर 24 वर स्थिरावले. 16 ने टिपलेलं 24 ने दाखवलं की चालणारा माणूस दीडपट वेगाने सुटतो. राजा हरिश्चंद्र राज्य सोडून वनवासाला निघतो, आणि आपल्याला वाटतं दूध आणायला निघालाय!

याच हिशोबात आणखी एक गंमत आहे. या चित्रपटाची लांबी साधारण 3,700 फूट. एका फुटात 16 चौकटी बसतात. म्हणजे जुन्या वेगाने सेकंदाला बरोबर एक फूट, आणि चित्रपट तासाभराचा. नव्या वेगाने तोच 41 मिनिटांत आटोपतो. त्यामुळे चित्रपट किती वेळाचा, यावर दोघांचं भांडण झालं तर दोघांनाही बरोबर म्हणून मोकळं व्हावं.

त्या फिल्मच्या कडेला भोकंही घरीच पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करत, अंधारात बसून, स्वयंपाकपाणी उरकल्यावर. चित्रीकरण उन्हात चाललं की प्रकाश परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या त्याही याच. पडद्यावर बाई नाही म्हणून आपण हसतो. ती पडद्यामागे चादर धरून उभी होती.

(दृश्य: पुणे, लॉ कॉलेज रोड. चित्रपट संग्रहालयाचं फाटक.)

आता माझा स्वतःचा आवडता पेच. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलं, ते इथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. पण फाळक्यांनी 1917 मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून आपण जे कौतुकाने बघतो, तो कदाचित त्याचा धाकटा भाऊ असेल. सत्यवचनी राजाच्या बाबतीत हे व्हावं!

त्याच 1917 चा फाळक्यांचा ‘लंकादहन’. मावशीचा तिसरा प्रश्न त्याच्याबद्दल होता. खरं तर तो प्रश्न नव्हताच. “सीतेच्या दंडाला बेटकुळी आहे,” एवढंच म्हणाली.

असणारच. सीता झाले होते आपले अण्णा साळुंकेच. चार वर्षांत अंग भरलं होतं. आणि राम कोण? तेही साळुंके! भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका म्हणून हिचं नाव घेतात. रामायणानेच त्यांची सोय करून ठेवली होती म्हणा ना. सीता अशोकवनात, राम समुद्रापलीकडे. बहुतेक वेळ दोघांची गाठच पडत नाही. तरीही पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत, असं सांगतात. रामाला वहाणा काढणाऱ्यांना सीतेची बेटकुळी दिसली नसेल का?

दिसली असेल की. पण खटकली नसेल. रंगभूमीवर बालगंधर्व शालू नेसून उभे राहत आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला बघत, तो हा काळ. बाईचं काम पुरुषाने करणं यात कुणाला कोडं वाटत नव्हतं. कोडं आपल्याला पडतं, शंभर वर्षांनी.

“मग बायका आल्या तरी कधी?” मावशीने कप खाली ठेवला.

लगेच आल्या. 1913 मध्येच, फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई. हीच कमलाबाई पुढे चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. या मायलेकी नाटकातून आल्या होत्या, तोंडाला रंग लावायची सवय होती. पण अशा घरातल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून चार वर्षांनीही सीतेसाठी साळुंक्यांनाच बोलावणं गेलं.

(दृश्य: ‘कालिया मर्दन’, 1919. सुरुवातीची चौकट.)

थांबा, मावशी अजून उठलेली नाही. तिला आता कृष्ण बघायचाय.

पडद्यावर एक चिमुरडी आहे. साधे कपडे. ती कॅमेऱ्याकडे बघून हसते, रुसते, डोळे वटारते. ही मंदाकिनी, फाळक्यांची मुलगी. फाळके जादूचे प्रयोगही करायचे, स्वतःचंच नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घ्यायचे. इथे मात्र हातचलाखी करायच्या आधीच त्यांनी मूठ उघडून दाखवली आहे. आधी ही माझी पोर बघा, आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू मुकुट उमटतो, मोरपीस उमटतं.

मावशी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ही शोभते हो कृष्ण म्हणून.”

(दृश्य: मंदाकिनीचा चेहरा. काळोख.)