कोरी जागा

मित्रहो, 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांची वीज तोडली गेली आणि 28 जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी ठेवली. ज्यांनी तो अंक हातात धरला, त्यांना एक अक्षरही न वाचता सगळे समजले. सेन्सॉरने पुढे अशी कोरी जागा सोडण्यासही मनाई केली. आजच्या विषयाकडे, म्हणजे सेन्सॉरशिप आणि प्रचार यांच्याकडे, मला याच मनाईपासून यावेसे वाटते, कारण मजकूर कापला गेला आहे हे वाचकाला कळू नये, ही सत्तेची जुनी इच्छा आहे आणि ती पूर्ण करण्याची साधने आज प्रथमच तिच्या हाती आली आहेत.

त्याआधीच्या काळाशी ताडून पाहा. 1908 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तो ‘केसरी’च्या त्याच वर्षीच्या मे आणि जून महिन्यांतील दोन लेखांवरून. सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेचा तुरुंग वाट्याला आला. अन्याय उघड होता. तरीही आक्षेप कोणत्या लेखांवर आहे हे आरोपीला माहीत होते, ते लेख न्यायालयात वाचले गेले, टिळकांनी स्वतः कित्येक तास त्यांचे समर्थन केले आणि ते भाषण आपल्याला आजही वाचता येते. परकीय सरकारनेही आपला आरोप असा चारचौघांत मांडला होता.

आता माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69-अ घ्या. या कलमाखाली केंद्र सरकार एखादा मजकूर, खाते किंवा संपूर्ण संकेतस्थळ लोकांना दिसू नये असा आदेश देऊ शकते, आणि 2009 च्या नियमांतील सोळावा नियम सांगतो की तक्रार, आदेश आणि त्यावरची कार्यवाही गुप्त राहील. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम 66-अ रद्द केले, तो दिवस महाराष्ट्राला विशेष आठवायला हवा. 2012 मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणारी एक मुलगी आणि त्या ओळींना पसंती देणारी तिची मैत्रीण पालघरमध्ये पकडल्या गेल्या, तेव्हापासून त्या कलमाविरुद्धच्या लढ्याला धार आली होती. पण त्याच निकालाने कलम 69-अ कायम ठेवले. बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि म्हणून त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागचा एक आधार होता. नोंदवलेली कारणे ज्याच्या हाती पडतच नाहीत, त्याने आव्हान कशाला द्यायचे? हुंड्याच्या प्रथेवर विडंबनातून टीका करणारे एक संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झाले. ते चालवणाऱ्याला आदेशाची प्रत द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत 2022 उजाडले. एक कागद मिळवण्यासाठी माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि तेवढ्यात चार वर्षे गेली, याचे मला फार वाईट वाटते.

कात्री मात्र केवळ सरकारकडे नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय माझे बोलणे प्रामाणिक ठरणार नाही. 2018 मध्ये देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच तिच्यात दिसे. मूळची ती कराचीतली जनजागृतीची फीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांना जपा असा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. काही सेकंदांच्या त्या कापणीने मुलांच्या काळजीपोटी केलेली फीत मुले पळवली जात असल्याच्या, माणसे मारणाऱ्या अफवेचा पुरावा झाली. सेन्सॉरशिप आणि प्रचार यांचा आपण वेगवेगळा विचार करतो, पण इथे दोन्ही कामे एकाच कात्रीने केली आणि कापलेली जागा कुणालाही दिसली नाही.

त्याच वर्षी 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडणारा हा समाज. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून इतक्या दूर आलेल्या त्या माणसांना तिथे ओळखणारे कोणी नव्हते. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूणही येऊ लागली होती. संदेश दुसरीकडून आला आहे एवढे ती खूण सांगते. तो प्रथम कोणी रचला आणि त्यातले काय कापले, हे तिच्यावरून कळत नाही.

राईनपाड्यासारखे प्रसंग दाखवूनच सरकार अधिक अधिकार मागते. 2023 मध्ये केंद्राने नियम दुरुस्त करून स्वतःच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे ठरवण्यासाठी स्वतःचाच सत्यशोधन कक्ष नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्यावर टीका होते त्यानेच टीकेची सत्यता ठरवली, तर अफवेने पिसाळलेल्या गावाला त्याचा काय उपयोग? राईनपाड्याच्या अफवेत सरकारच्या कारभाराविषयी एक शब्दही नव्हता.

सोळावा नियम बदलावा, काढून टाकलेल्या मजकुराच्या जागी कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कलमाखाली तो काढला हे लिहिलेले दिसावे आणि लिहिणाऱ्याला आदेशाची प्रत मिळावी, अशी माझी मागणी आहे. अफवेचा प्रश्न तेवढ्याने सुटणार नाही. त्याबाबत मला त्याच 1 जुलैच्या रात्रीचे मालेगाव आठवते. तिथेही तीच अफवा पोहोचली होती आणि लहान मूल बरोबर असलेल्या एका परक्या कुटुंबाला जमावाने गाठले होते. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, आणि पोलीस येऊन त्यांना सुखरूप घेऊन जाईपर्यंत ती माणसे त्याच्या घरात होती.