दिवाळीत आलेला पाऊस

नमस्कार श्रोतेहो.

आज गुरुवार. म्हणजे आज रात्री मी बारापर्यंत जागी राहणार आणि उद्या सकाळी पोह्यांत मीठ दोनदा पडणार. घरच्यांना आता त्याची सवय झालीये. वर जीरावण मसाला जास्त भुरभुरतात आणि मुकाट्यानं खातात. २०१५ च्या जुलैपासून जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांनी नव्या अल्बमसाठी शुक्रवार हा वार ठरवून टाकला, आणि आपल्याकडचेही पुष्कळ गायक तोच वार धरतात. बारा वाजले की फोनवर नवी गाणी हजर. दादरला ज्या मिनिटाला येतात, त्याच मिनिटाला आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात येतात. तरुण श्रोत्यांना वाटेल, यात काय मोठंसं? ज्यांनी इंदुरात राहून मराठी कॅसेटची वाट बघितलीये, त्यांना विचारा.

तसं आपलं गाव गाण्याचं. लताबाईंचा जन्म इथला, २८ सप्टेंबर १९२९ चा, सिख मोहल्ल्यातला. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीला तर गावाचंच नाव लागलं, इंदूर घराणं. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, तिकडे देवासला, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. किशोरकुमार खांडव्याचे, पण कॉलेजला इथे ख्रिश्चन कॉलेजात. एवढी मंडळी आपली असल्यावर इंदूरचा माणूस गाण्याबद्दल जरा चढ्या आवाजात बोलणारच. पण गाणारे आपले असले तरी मराठी कॅसेट इथे मिळायची मारामार होती. हिंदीचं तसं नव्हतं.

१९८५ साली लताबाई आणि पंडित भीमसेन जोशी यांचा 'राम श्याम गुणगान' आला. संगीत श्रीनिवास खळ्यांचं. भजनं हिंदी, त्यामुळे इंदुरातही येणार हे नक्की. मी दहा वर्षांची होते. बाबा कट्टर भीमसेनवाले, आई लताबाईंची. आमच्या घरी या विषयावर जेवणं थंड झालेली आहेत. आई म्हणायची, "ती आपल्या गावची लेक आहे." बाबा म्हणायचे, "जन्मली इथे, वाढली सांगलीला." आणि आता दोघं एकाच कॅसेटवर! बँक सुटली की बाबा रोज जेल रोडवरून घरी यायचे, आणि दुकानदार रोज सांगायचा, "बाबूजी, कल आना." चौथ्या दिवशी ते सायकलवरून उतरले ते शर्टाचा खिसा हातानं दाबत.

कॅसेट लगेच लावायची नाही. आधी हातपाय धुणं, मग चहा, मग टू-इन-वनच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवणं. पहिल्या ऐकण्याचे बाबांचे नियम होते. पूर्ण बाजू ऐकायची, मागे घ्यायचं नाही, बोलायचं नाही. आई मेथी निवडत बसली होती, बाबा डोळे मिटून. 'बाजे रे मुरलिया बाजे' लागलं आणि आईचे हात थांबले. बाजू संपल्यावर खटका उडाला, तरी दोघंही गप्प. मग बाबा म्हणाले, "अण्णांनी काय सांभाळून घेतलंय तिला." आई म्हणाली, "तिनं सांभाळून घेतलंय त्यांना." पुढचा अर्धा तास मी आणि माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

कुणी कुणाला सांभाळलं, हे मला फार उशिरा कळलं. बाईच्या आणि पुरुषाच्या गळ्याची पट्टी वेगळी असते. दोघांना एकत्र गायला लावलं की एकाला वर चढावं लागतं नाहीतर दुसऱ्याला खाली उतरावं लागतं, आणि मग कुणाचातरी आवाज ओढल्यासारखा लागतो. इथे तसं कुठेच होत नाही. सांभाळलं होतं ते खळ्यांनी. आई-बाबांना हे मी सांगितलं तेव्हा दोघांनाही ते पटलं नाही.

मराठी कॅसेट मात्र पाहुण्याबरोबर यायची. दादरची आत्या रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस पकडून सकाळी इंदूर स्टेशनवर उतरली, की आमची नजर तिच्या पिशवीवर. १९९८ साली मिलिंद इंगळ्यांचा 'गारवा' आला. सौमित्रच्या कविता, गाण्यांच्या मध्ये त्यांचंच बोलणं आणि सगळीकडे पाऊस. मुंबईच्या आतेबहिणी पत्रातून, फोनवरून त्याच गप्पा मारायच्या. मी तेवीस वर्षांची, एम.ए. करणारी, आणि ते गाणं मला ऐकायलाच मिळेना. शेवटी एका रात्री, एसटीडीचे दर उतरल्यावर, तिकडून बहिणीनं फोनचा रिसीव्हर टेपरेकॉर्डरपाशी धरला. मी पीसीओच्या काचेच्या खोलीत उभी, एक कान बोटानं बंद केलेला, समोर लाल आकडे पळतायत. एक कडवं झालं. दुसऱ्यात शिरणार तेवढ्यात पैसे संपले.

कॅसेट हातात पडली ती दिवाळीत. मुंबईचा पाऊस केव्हाच आटोपला होता. माळव्यात थंडी उतरायला लागली होती, सराफ्यात कढईत गराडूच्या कंदाचे काप तळायला लागले होते, आणि आमच्या घरात दुपारभर पाऊस. फराळाची ताटं मांडलेली आणि स्पीकरमधून पावसाच्या कविता. आत्या म्हणाली, "अगं, हे आता कोण ऐकतं?" मला काय त्याचं! माझा पाऊस तेव्हा सुरू झाला होता. अजूनही 'गारवा' लागला की मला ओल्या मातीचा वास येत नाही, चकलीच्या तेलाचा येतो.

भाऊबीजेच्या दिवशी टू-इन-वननं ती कॅसेट खाल्ली. धाकट्यानं घाईघाईनं ओढली आणि फीत चुरगळून तुटली. आम्ही पुढच्यामागच्या सुरकुत्या कापून टाकल्या, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली, सहाकोनी पेन्सिल चाकात घालून गुंडाळली. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. आम्ही चार बोटं कापली होती, म्हणजे साधारण दीड सेकंद. कानाला वाटतं, दीड सेकंद म्हणजे काहीच नाही. गाण्यात अर्धी ओळ असते ती. शिवाय कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजते, तेव्हा एका घावात दोन गाणी जखमी. एका बाजूला एक ओळ मध्येच उडी मारायची, उलटी करून लावली की तिकडे दुसरी. इतक्या वेळा ऐकली ती कॅसेट, की त्या उडीसकट गाणं पाठ झालं. मी गुणगुणतानाही तिथे उडी मारायचे.

अल्बम या शब्दाचीही एक गंमत आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. मोठी रचना असली की चार-पाच रेकॉर्ड लागायच्या, आणि त्या जाड पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून फोटोंच्या अल्बमसारख्या बांधलेल्या मिळायच्या. म्हणून अल्बम. पुढे एलपीवर, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डवर, बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली, पुस्तक गेलं, नाव राहिलं.

एलपीवरून आठवलं. आजोबांकडे अमीर खाँसाहेबांची १९६० साली निघालेली एलपी होती, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. लहानपणी मी तिला झोपेची रेकॉर्ड म्हणायचे. आजोबा ती लावायचे आणि मी सतरंजीवर गडप. आजोबा गेल्यावर, २००५ मध्ये, त्यांचं कपाट आवरताना ती निघाली. संध्याकाळ होत होती, मारव्याचीच वेळ. सहज लावली. 'पिया मोरे अनत देस', झुमरा तालातला विलंबित, म्हणजे अगदी संथ, ख्याल, घाई म्हणून नाही. मारव्यात पंचम नसतो, रिषभ कोमल, आणि गवई षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, टेकायचं टाळत राहतो. ऐकणाऱ्याला सारखं वाटतं की आता येतील, आता बसतील, आणि खाँसाहेब दारापर्यंत येऊन परत फिरतात. आले एकदाचे, तेव्हा मी कपाटापाशीच फरशीवर बसलेली, हातात आजोबांचा मफलर. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती रेकॉर्ड माझ्यासाठी त्या दिवशी निघाली. नव्या अल्बमांच्या यादीत मी २००५ च्या खाली तिचंच नाव लिहिते. लेक म्हणते, आई, हा घोटाळा आहे.

लेकीचंही ऐका. ती प्रतीक कुहाडची चाहती. हा जयपूरचा मुलगा हिंदीत आणि इंग्रजीत गातो. त्याचा २०१८ चा 'कोल्ड मेस' तिनं मला ऐकवला तेव्हा म्हणाली, "ही ईपी आहे, आई." म्हणजे अल्बमहून लहान, मोजक्या गाण्यांची. मी उठले, माळ्यावरून बाबांची सात इंची, ४५ च्या वेगानं फिरणारी रेकॉर्ड काढून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, ही ईपी. बाजूला दोन अशी चार गाणी. तिच्यातली सहा, आणि हातात धरायला काही नाही. तरी दोघींची ईपी! त्यातली सहाही गाणी मी बाबांच्या नियमानं ऐकली. मागे घेणं नाही, बोलणं नाही. लेकीचा जीव कासावीस झाला, कारण तिला मध्येमध्ये सांगायचं होतं. गाणी मला आवडली. दोन जरा जास्तच गुळगुळीत वाटली, तेही तिला सांगितलं.

खटकतं ते वेगळंच. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं अशी नोंद होते. साहजिकच कानाला पकडायचं ते पहिल्या तीस सेकंदांतच ठेवायची गाणं करणाऱ्यांची धडपड. सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे आखडले, शब्द लगेच सुरू. तीस सेकंदांत खाँसाहेबांच्या झुमऱ्याचं एक आवर्तनही पुरं होत नाही. त्यांनी काय केलं असतं? मला वाटतं, हिशेब ऐकून घेतला असता आणि शांतपणे षड्ज लावला असता.

पण मी रडगाणं गायला आलेली नाही. आज रात्री एका लाडक्या गायिकेचा नवा अल्बम येतोय. नाव सांगत नाही, दृष्ट लागेल. आठ गाणी आहेत. आठवडाभर मी त्यांची नावंच वाचतेय आणि नावांवरून चाली बांधतेय. सगळ्या चुकणार, त्यातही मजा आहे.

एक सांगायचं राहिलं. मागच्या पावसाळ्यात लेकीनं गाडीत 'गारवा' लावला, फोनवरून. आम्ही राजेंद्र नगरहून येत होतो, काचेवर खरोखरीचा पाऊस. ती ओळ जवळ आली आणि मी सवयीनं उडी मारायच्या तयारीत. उडी आलीच नाही. सत्तावीस वर्षांनी ती अर्धी ओळ परत ऐकली. मी गाडी बाजूला घेतली. लेक म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, पाऊस फार आहे.

दुसऱ्या बाजूचं ते गाणं मी अजून फोनवर लावलेलं नाही. फोनवर आहे ते, एका बोटाच्या अंतरावर. पण तेवढी अर्धी ओळ राहू दे.

आता निघते. पावणेबाराच्या आत फोन चार्ज व्हायला हवा. नमस्कार.