पाझर मोजणारा माणूस

(15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, पुण्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

ह्या व्याख्यानाला एरवी पूल बांधलेली, बोगदे खणलेली माणसं येतात. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे तांत्रिक काही चुकलं तर पहिल्या रांगेतल्या निवृत्त मंडळींनी मला मागाहून गाठावं, मध्येच नको. मला बोलावलं ते माझ्या काकांबद्दल बोलायला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते गच्चीवर पाऊस मोजणारे आजोबा म्हणून ठाऊक होते.

आधीच सांगून टाकते, काकांनी एकही धरण बांधलं नाही. पाटबंधारे खात्यात उमेदीची सगळी वर्षं काढली, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि महाराष्ट्रातल्या एकाही कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. दुसऱ्यांनी बांधलेली धरणं आणि कालवे सांभाळणं, एवढंच त्यांनी केलं. आपल्याकडे ह्या कामाला मान नाही. ‘देखभालीला नारळ फुटत नाही,’ असं ते स्वतःच म्हणायचे, आणि त्यात कडवटपणा अजिबात नसे असं काही मी म्हणणार नाही. थोडा असायचा.

मी अकरावीला पुण्यात आले ती त्यांच्याच घरी. पहिल्या आठवड्यात मला त्यांनी शिकवलं ते बादली लावून नळ मोजायला. पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते घड्याळात बघायचं आणि वहीत लिहायचं. मला वाटलं, हे काटकसरीचं खूळ. तसं नव्हतं. एके दिवशी बादली भरायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला आणि काका खाली जाऊन वॉचमनला घेऊन टाकीपाशी गेले. पाइप जमिनीखाली गळत होता. वर टिपूस दिसत नव्हता. काकू म्हणाली, ‘झालं, आता ह्यांना आठवडाभर झोप नाही. आनंदानं.’

काकांचं एक वाक्य त्यांच्या हाताखालच्या सगळ्यांना पाठ होतं: ‘धरण गळतंच. गळत नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाही तर तो बघायला गेलेलाच नाही.’ मातीचं असो, दगडी असो, थोडं पाणी पाझरणारच, आणि ते वाट काढून देऊन नीट बाहेर आणायचं हाच बांधणीतला शहाणपणा. प्रश्न दोनच. काल होता तेवढाच पाझर आज आहे का? आणि पाणी नितळ आहे का? नितळ पाणी म्हणजे नुसतंच पाणी बाहेर येतंय. गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती आतून वाहून येतेय. ही दुसरी गोष्ट एकदा सुरू झाली की पोकळी वाढत जाते, आणि मग हातात फार वेळ उरत नाही.

गढूळपणा बघायची त्यांची पद्धत साधी होती. सरबताची रिकामी काचेची बाटली पाझराच्या पाण्यानं भरायची, वर चिठ्ठी चिकटवून तारीख घालायची आणि रात्रभर खिडकीत ठेवायची. सकाळी तळाशी काय बसलंय ते उजेडात धरून बघायचं. नखाएवढा गाळ दिसला तरी त्या दिवशीचे बाकीचे कार्यक्रम रद्द. काकूच्या स्वयंपाकघरात अशा बाटल्यांची रांग असायची आणि त्यातल्या एकीतून मी एकदा पाणी प्यायले होते, ते जाऊ दे.

पाझर मोजायला व्ही-नॉच असते. पाझराचं पाणी एका चारीत आणतात आणि तिच्या तोंडाशी त्रिकोणी खाच पाडलेली पत्र्याची फळी बसवतात. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते पट्टीवर वाचायचं. काटकोनी खाचेत पाणी पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर जातं. दहा सेंटिमीटर झालं तर चार लिटरच्या वर. उंची दुप्पट आणि पाणी साडेपाच पट! म्हणून पट्टीवरचा एकेक मिलिमीटर काकांना मोलाचा वाटे. कचेरीत बसून मागच्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहून टाकणाऱ्या कर्मचाऱ्याला ते ओरडत नसत. त्याला घेऊन पावसात धरणाच्या पायथ्याशी जात आणि त्याच्याकडूनच पट्टी वाचून घेत. ओरडलेलं परवडलं, असं ती माणसंच मला नंतर सांगायची.

हे वेड आलं कुठून? मुळापासून सांगायचं तर 12 जुलै 1961 पासून. काका तेव्हा इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होते, खोली नारायण पेठेत एका वाड्यात. पानशेतचा पूर पुण्यात कुणाला सांगायला नको. अजून काही घरांच्या भिंतींवर त्या पाण्याच्या पातळीच्या खुणा आहेत. मातीचं पानशेत धरण पुरतं झालेलं नव्हतं आणि त्यात पाणी अडवलं गेलं. विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या मार्गाच्या, वरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून निदान पहाट उजाडली. सकाळी पानशेत गेलं, आणि त्या लोंढ्यानं पुढे खडकवासलाही गेलं.

ज्यांच्या जन्मदिवसासाठी आपण आज जमलो आहोत, ते विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. वय शंभरीच्या घरात. त्यांचं शिक्षण पुण्याच्या ह्याच कॉलेजातलं, आणि 1903 मध्ये त्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले ते ह्याच खडकवासल्यावर. त्या वयात त्या माणसाला ही बातमी ऐकावी लागली असेल, ह्याचं काकांना फार वाईट वाटायचं.

पुराबद्दल मात्र ते कमीच बोलत. पुस्तकं वाहून गेली, कपडे गेले, एवढंच. काही महिन्यांनी ते मित्रांबरोबर पानशेतला गेले आणि भगदाडाच्या काठावर उभे राहिले, ते मात्र तपशिलात सांगत. धरणाचा उभा छेद त्यांनी तोवर फक्त कागदावर काढला होता. इथे तो प्रत्यक्ष समोर होता, मातीचे थर एकावर एक. त्यांच्या बरोबरीच्या मुलांनी ठरवलं की आपण भक्कम धरणं बांधायची. काकांनी तिथे ठरवलं की आपण बांधलेल्यावर लक्ष ठेवायचं. ‘धरण एका रात्रीत फुटत नाही गं,’ ते म्हणायचे. ‘आधी सांगत असतं. कुणी विचारायला गेलं तर.’

दुसरा प्रसंग कोयनेच्या भूकंपाचा. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. काका तेव्हा कोयनानगरला नोकरीला, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. हा प्रसंग काकूच्या तोंडून ऐकण्यासारखा होता. भिंत पडली, दोघं बाहेर आले, सगळी वसाहत अंगणात, कुणी रडतंय, कुणी हाका मारतंय. काकांनी काकूला शेजारच्या कुटुंबात उभं केलं, आपली शाल तिला दिली, बॅटरी घेतली आणि धरणाकडे चालू लागले. ‘नवी नवरी अंगणात आणि हे धरणाची खुशाली विचारायला. तेव्हाच कळलं मला, आपल्याला सवत आहे म्हणून.’

हसू येतं, पण त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, इथे भूकंपाची धास्ती नाही, हा समज त्या पहाटे मोडला. धरण टिकलं. पण खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास काही भागांत आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या पोटात तपासणीसाठी बोगदे असतात, त्यांना गॅलरी म्हणतात. त्या सकाळी गॅलरीत उतरलेल्यांत काका होते. गळती वाढलेली दिसत होती. पण किती वाढली? वाढीचा आकडा काढायचा तर आधीचा आकडा हवा, आणि तो होता, कारण भूकंपाच्या आधी महिनोन्‌महिने कुणीतरी कंटाळा न करता तो लिहून ठेवला होता. हे सांगताना काका फार खुलायचे. पुढे भेगा इपॉक्सीनं भरल्या, पोलादी तारांनी भाग आवळले आणि नंतर मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. ते काम मोठमोठ्या तज्ज्ञांचं. काका त्यात वही घेऊन उभे होते, इतकंच.

मधली वर्षं भराभर सांगते: बदल्या, सरकारी घरं, मुलांच्या शाळा. बढती एकदा अडली, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एका ठेकेदाराच्या बिलावर सही करायची राहिली होती, एवढं काकूकडून कळलं.

इंदापूरकडच्या कालव्याची वर्षं मात्र त्यांना आवडायची. खडकवासल्याचं पाणी मुठा उजव्या कालव्यानं पुण्यातून दौंड, इंदापूरपर्यंत जातं. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला टेलवाला म्हणतात. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की वरचे लोक मोटारी लावून उपसतात आणि टेलला पाणी पोचेपर्यंत पाळी संपते. काका रात्री जीपचे दिवे घालवून कालव्याच्या कडेनं फिरायचे. बरोबर एक पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी बघणारा कर्मचारी, असे, चौथी शिकलेला. तो पाण्यात हात घालून सांगायचा, ‘सायब, वर कुणीतरी पितंय.’ काका मीटरनं मोजायचे, आणि बहुतेक वेळा पाटकऱ्याचंच खरं निघायचं. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. वरिष्ठांच्या घरच्या लग्नांना काका डोकेदुखीचं कारण सांगायचे.

निवृत्तीनंतर बाटल्या गेल्या, पर्जन्यमापक आला. रोज सकाळी साडेआठला नोंद, कारण वेधशाळेची वेळ तीच. दहा मिनिटं उशीर झाला तर वहीत तसं लिहायचे. जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्र आलं की आधी चार धरणांचा साठा बघायचा: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही भरली की साधारण एकोणतीस टीएमसी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आणि एकात सुमारे 2,830 कोटी लिटर पाणी मावतं, हे त्यांनी सोसायटीच्या प्रत्येक मुलाकडून घोकून घेतलं होतं. पाइप लावून गाडी धुणाऱ्यांशी ते भांडत नसत. ‘इंदापूरहून फोन आला होता, विचारत होते तुमची गाडी कशी आहे,’ एवढंच म्हणत. त्यांच्याशी वैर धरलेले दोघे-तिघे आज इथे बसले आहेत, मी नावं घेत नाही.

27 सप्टेंबर 2018 ला हाच मुठा उजवा कालवा जनता वसाहतीपाशी फुटला आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरलं. उंदीर, घुशी, खेकड्यांनी भराव पोखरला असं सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी 2 जुलैच्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा पुन्हा खेकडेच पुढे आले. सगळ्या महाराष्ट्रानं थट्टा केली. काका हसले नाहीत. मला म्हणाले, ‘हसतेस काय? खेकडा बीळ करतोच. घूसही करते. झाडाचं मूळ त्याहून वाईट. भरावावर झाड वाढू द्यायचं नाही, बीळ दिसलं की बुजवायचं, म्हणून तर माणूस नेमलेला असतो. खेकड्याचं नाव सांगितलंत ना, आता त्या माणसाचं सांगा. जागा भरली होती का? तो रोज चालत होता का?’ तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे त्यांनी पेपरात वाचलं आणि कात्रण वहीत चिकटवलं. त्याखाली काही लिहिलं नाही. एरवी ते प्रत्येक कात्रणाखाली शेरा मारायचे.

गेल्या वर्षी काका गेले. पन्नासेक वह्या निघाल्या. खात्याच्या नोंदी खात्यातच राहिल्या, ह्या त्यांच्या खासगी. पाऊस, नळ, टाकी, दुधाचं माप, माझ्या मुलाची उंची. त्या मुलाची उंची पंधराव्या वर्षी एका महिन्यात घटलेली दिसते. शेजारी शेरा: ‘मोजणाऱ्याची चूक. बूट.’ ह्या वह्या आता वाचनालयाला दिल्या आहेत, कपाट क्रमांक तीन. पर्जन्यमापक सोसायटीच्या गच्चीवरच आहे. दहावीतली दोन मुलं नोंद घेतात. साडेआठची वेळ त्यांच्याकडून पाळली जात नाही, पण उशीर झाला की तसं लिहितात.

काही विचारायचं असेल तर विचारा. व्ही-नॉचचं गणित मात्र पहिल्या रांगेला विचारा.