नवं महापालिका भवन: नकाशाच्या आधीचा प्रश्न

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा: पुण्यानं नवं महापालिका भवन बांधायचं ठरवलं, तर त्यात नागरिकांचा सहभाग कसा असावा. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी जरा मंडईत जाऊन येऊ, कारण माझ्या मते या विषयाचं मूळ तिथं आहे.

मंडईत भाजी घेताना मधल्या मनोऱ्याकडे मान वर करून तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? हं, आठ-दहा हात दिसतायत. त्या इमारतीच्या वरच्या भागात एके काळी पुणे नगरपालिकेची कचेरी होती. खाली मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, वर शहराचा कारभार. गावाचं घर कुठं असावं याचं इतकं चांगलं उत्तर पुण्यानं पुन्हा दिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. तिथं जायला वेगळं निमित्त लागत नव्हतं. बाजाराला गेलेला माणूस पिशवी हातात घेऊन वर जाऊ शकत होता.

ही इमारत 1886 साली उघडली. नाव रे मार्केट, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. बांधली वासुदेव बापूजी कानिटकरांनी. फर्ग्युसन कॉलेजच्या मुख्य इमारतीमागेही हाच माणूस आहे, आणि त्यांच्यावर खरं तर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. आणि आता मुद्दा. ही मंडई बांधायला नगरपालिकेतल्या ज्या सभासदाचा विरोध होता, तो सभासद म्हणजे जोतिराव फुले. 1876 पासून ते नगरपालिकेत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: एवढा मोठा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हाही जोतिरावच उभे राहिले आणि म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या. तरी खर्चाचा ठराव मंजूर झाला. मंडईही झाली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं.

लोक मला विचारतात, मंडई तर आजही उत्तम चालते, मग जोतिराव चुकलेच ना? मला तसं मुळीच वाटत नाही. चांगली इमारत उभी राहिली म्हणून तिच्याआधीचा प्रश्न खोटा ठरत नाही. हा पैसा दुसरीकडे गेला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी भर सभेत विचारलं, आणि विचारता आलं, कारण नकाशा पक्का व्हायच्या आधी ते सभेत बसलेले होते. लोकसहभाग म्हणतात तो हा. दर्शनी भागाला दगड लावायचा की काच, हे निवडायला बोलावणं म्हणजे सहभाग नव्हे. ‘बांधायचं का, कुठं, किती मोठं’ हे विचारायची मुभा ज्या बैठकीत नाही, तिला मी लोकसहभाग म्हणणार नाही.

आपला अनुभव काय आहे? 2006-07 पासून पुण्यात नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवू शकतात. ही फार चांगली गोष्ट आहे आणि ती टिकली पाहिजे. पण ती कामं लहान असतात: बाक, पदपथ, दिवे. म्हणजे बाक कुठं ठेवायचा हे आम्हाला विचारणार, आणि कोट्यवधींची वास्तू मात्र निविदा निघाल्यावर वर्तमानपत्रातून कळणार. शहराच्या विकास आराखड्याला निदान कायद्यानं हरकती-सूचना मागवाव्या लागतात. 2013 साली प्रारूप आराखडा जाहीर झाला तेव्हा 80 हजारांहून जास्त हरकती आल्या. पुणेकरांना शहराच्या नियोजनात रस नाही, असं यापुढं माझ्यासमोर कुणी म्हणू नये!

मी एकदा एका सुनावणीला बसलो होतो. कचेरीचं नाव घेत नाही. लोक सकाळपासून ताटकळलेले. लांबून आलेल्या एका शेतकरी आजोबांचा नंबर दुपारी लागला. त्यांनी कागद उलगडला, दोन वाक्यं बोलले, आणि समोरून ‘लेखी दिलंय ना? मग झालं’ एवढंच आलं. त्यांचा दिवस बुडाला. माझ्या हरकतीचं उत्तर मला आलं नाही, त्यांनाही आलं असेल असं वाटत नाही. याचा मला आजही राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा मूळ विषय आता भरभर सांगतो.

वास्तुविशारद नेमायच्या आधी पंधराही क्षेत्रीय कार्यालयांत बैठका घ्या, संध्याकाळी, म्हणजे नोकरदारांना येता येईल. 2017 आणि 2021 मध्ये शहरात आलेल्या गावांत वेगळ्या घ्या. प्रश्न एकच ठेवा: तुम्हाला मुख्य इमारतीत मुळात यावं का लागतं? जन्मदाखला, मिळकतकर ही कामं घराजवळ किंवा घरबसल्या उरकली, तर कदाचित भवन आपण समजतो त्याच्या निम्मंच लागेल. उरलेल्या पैशाचं काय करायचं, हेही त्याच बैठकीत विचारा.

मग खुली स्पर्धा. प्रतिकृती कलादालनात नको. मंडईत, स्वारगेटला, हडपसरला ठेवा. खिडकीची उंची, रांगेची जागा, चाकाच्या खुर्चीचा उतार प्लायवूडमध्ये खऱ्या मापानं उभा करा आणि ज्येष्ठांना, अपंगांना, लेकुरवाळ्या बायांना वापरून पाहू द्या. बालगंधर्व रंगमंदिर बांधताना पु. ल. देशपांड्यांसारख्या, रंगमंच आतून ओळखणाऱ्या माणसाचा सल्ला घेतला होता. महापालिका आतून ओळखतो तो रांगेतला माणूस.

आलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर हवं: घेतली, किंवा घेतली नाही आणि का. क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागांतल्या मतदारांच्या सभा, कायद्यात आहेत, त्या भरवा, आणि ही उत्तरं तिथं वाचून दाखवा.

शेवटचं. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली, तिचं अनुकरण पुढं राज्यभर करायचं ठरलं. नव्या भवनात त्यासाठी प्रवेशद्वाराशीच मोठी, उजेडाची खोली ठेवा, आणि भवनाच्या बांधकामाची फाईल त्या खोलीतली पहिली फाईल असू द्या.

थांबतो. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.