गादी अंगठ्याने नको, पाठीने निवडा

श्रोतेहो, नमस्कार.

गादीच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी काय करतं, ठाऊक आहे? अंगठा दाबून बघतं. मग तळहात. मग काठावर टेकतं, दोनदा वर-खाली होतं, सोबतच्या माणसाकडे बघतं आणि म्हणतं, ‘बरी वाटतेय.’ की लगेच भावाची घासाघीस सुरू. दुकान आपल्या नाशिकच्या रविवार कारंजाजवळचं जुनं असो की कॉलेज रोडवरचं काचेचं, हा कार्यक्रम ठरलेला. माझी हयात याच धंद्यात गेली, म्हणून सांगतो, अंगठ्याला गादीतलं काही कळत नाही. त्याच्या हाताला लागतं ते वरचं कापड आणि त्याखालचा अर्धा-पाऊण इंच फोम. तुमच्या अंगाचा भार रात्रभर जो थर पेलणार, तो खाली असतो.

तेव्हा दुकानात सरळ आडवं व्हा. चपला काढा, घरी जसे झोपता तसे झोपा आणि दहा मिनिटं पडून राहा. दहा म्हणजे दहा. पहिल्या मिनिटाला कुठलीही मऊ गादी छानच वाटते. आपल्याकडे बायका दुकानात आडव्या व्हायला संकोचतात, त्यातून सोबत सासरे किंवा दीर असले तर विचारायलाच नको. मग गादी निवडतात पुरुष आणि सकाळी कंबर धरून उठतात बायका. माझं ऐका, बहिणीला नाहीतर मैत्रिणीला घेऊन भर दुपारी जा. त्या वेळी दुकानं रिकामी असतात. दुकानदाराला वर चादर टाकायला सांगा. ज्याला माल विकायचाय, तो मुकाट्याने टाकतो.

आता आडवं होऊन बघायचं काय? पाठीवर झोपत असाल तर कंबरेखाली हात सरकवून बघा. हात आरपार सहज गेला, तर कंबर अधांतरी आहे, गादी तुम्हाला कडक होतेय. हात शिरतच नसेल आणि कूस बदलायला जोर लावावा लागत असेल, तर ती फार मऊ आहे. हात थोडा घासत, अडत गेला की जमलं. कुशीवर झोपणाऱ्यांनी सोबतच्या माणसाला पाठीमागे उभं करावं आणि मानेपासून माकडहाडापर्यंतचा फोटो काढायला सांगावा. खांदा आणि खुबा गादीत बुडायला हवेत, कंबरेला खालून टेकू मिळायला हवा आणि कणा एका रेघेत दिसायला हवा. फोटोत कण्याला झोळ दिसला तर ती गादी कितीही महाग असो, तुमची नाही. पोटावर झोपणाऱ्यांनी मऊ गादीच्या नादी लागू नये, पोट खाली जातं आणि कंबर उलटी वाकते.

घरोघरी एक समजूत आहे, की कंबर दुखते ना, मग गादी काढा आणि फळीवर झोपा. द्राक्षाच्या छाटणीला महिनाभर मान वर करून राबलेला माणूस असो, की पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला अप-डाउन करणारा, सगळ्यांना हाच सल्ला मिळतो. गिऱ्हाईकही येऊन म्हणतं, ‘सगळ्यात कडक आहे ती दाखवा.’ स्पेनमध्ये डॉक्टरांनी याची रीतसर परीक्षा घेतली होती. जुनाट कंबरदुखी असलेले ३१३ लोक घेतले. काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम कडक. कोणाला कुठली, हे त्यांना सांगितलं नाही. नव्वद दिवसांनी बघितलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली, पण आपल्या घरातली फळी काही हलायला तयार नाही. फळीवर खांदे आणि ढुंगण टेकतं, मधली कंबर हवेत राहते आणि तिथले स्नायू रात्रभर ताणून धरलेले असतात, एवढं साधं आहे हे. पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर पडत असेल, तर मात्र गादीच्या दुकानात येऊ नका, डॉक्टरकडे जा.

मध्यम कडक म्हणजे नेमकं किती, हे ज्याच्या त्याच्या वजनावर आहे. पंचेचाळीस किलोच्या आजींना जी गादी दगडासारखी लागते, तीच पंचाण्णव किलोच्या नातवाच्या अंगाखाली खड्डा करते. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल, तर पलंग एकच ठेवून छत्तीस-छत्तीस इंची दोन गाद्या शेजारी टाका, ज्याला त्याला मानवेल तशा. लग्नसराईत मी हे सुचवलं की मुलीकडचे दचकायचे, अपशकुन वाटायचा त्यांना. वर चादर एकच घाला, खालच्या दोन गाद्या कोणाला दिसणार?

आता माल. पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा आणि तारेचा टणत्कार गल्लीभर घुमायचा, तो काळ सरला. आता पिंजायची यंत्रं आली. पण कापसाच्या गादीला हसू नका. तिच्यात हवा खेळते, उन्हाळ्यात अंग तापत नाही, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घेतली की नवी. अडचण एवढीच, की न पिंजता ठेवली तर मधे गोळे होतात आणि ती दबून सतरंजी होऊन बसते. सिंहस्थात घरी पाहुण्यांची रांग लागेल, तेव्हा घडी घालून माळ्यावर ठेवायला हीच उपयोगी. काथ्याची गादी स्वस्त, टणक आणि हवेशीर, पण रोज एकाच जागी झोपलात तर तिथे दबते. तिची दर तीन महिन्यांनी बाजू पालटा आणि डोक्याकडची पायाकडे करा.

स्प्रिंगच्या गादीत दोन जाती. एकीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंतवलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग स्वतःच्या कापडी पिशवीत, ती शेजारणीला ओढत नाही. सातपूर-अंबडला सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येणारा माणूस ज्या घरात आहे, त्यांनी घेतली तर पॉकेट स्प्रिंगच घ्यावी. आधीच निजलेल्याची झोप वाचते.

आणि मेमरी फोम. याच्या जाहिराती इतक्या झाल्या आहेत, की लोक नावच घेऊन येतात. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेच्या कामात, विमानातल्या आसनांसाठी, हा फोम तयार झाला. अंगाची ऊब लागली की तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. पण ऊब लागली की मऊ, याचा अर्थ थंडीत कडक, हे कोणी सांगत नाही. दुकानात एसी मोजूनमापून लावलेला असतो, तिथे तो लोण्यासारखा वाटतो. आपल्या नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, निफाडला कधी कधी पाचाच्याही खाली. अशा रात्री अंथरुणात शिरलात की पहिला काही वेळ तो आखडलेला लागणार. एप्रिल-मे आला की त्याच्या उलट, अंगाची उष्णता धरून ठेवणार. म्हणून नाशिककरांनी चार-चार इंच मेमरी फोमच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाली चांगला घट्ट फोम आणि वर इंच-दीड इंच मेमरी फोम, बस झालं. परवडत असेल तर नैसर्गिक रबराचं लेटेक्स बघा, ते थंडीत असं आखडत नाही आणि बरीच वर्षं टिकतं. फक्त जड असतं. आणि कापसाची गादी गच्चीवर टाकता तसं लेटेक्स किंवा फोम उन्हात टाकू नका, उन्हाने त्याचा भुगा होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

फोम घेताना दुकानदार डेन्सिटी सांगतो. बत्तीसची, चाळीसची. म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन तेवढे किलो. डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. डेन्सिटीवरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. जास्त डेन्सिटीचा मऊ फोमही असतो आणि कमी डेन्सिटीचा कडकही. आता दुकानदार खरं बोलतोय की नाही हे तपासायचा एक उपाय सांगतो, माझे जुने धंदेवाले मित्र रागावतील. वजनकाटा मागा. बहात्तर बाय छत्तीस, चार इंच जाडीचा सलग फोम बत्तीस डेन्सिटीचा असेल, तर कव्हर सोडून साधारण साडेपाच किलो भरायला हवा. चाळीसचा असेल तर पावणेसात-सात किलो. काट्यावर चारच किलो आला तर समजा, डेन्सिटी कागदावरच आहे. सामानाचा काटा खिशात मावतो, घरूनच न्या. तुकडे दाबून केलेला बॉन्डेड फोम मात्र याहून कितीतरी जड असतो, त्याला हा हिशेब लावू नका. कव्हरला चेन असेल तर उघडून आत बघा. चेन नसेल तर आतला नमुना मागा. दाखवत नसेल तर दुसरं दुकान आहेच.

गादीवर ‘ऑर्थो’, म्हणजे हाडांसाठी खास, असं छापलेलं असतं. ते छापायला कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. त्या एका शब्दाचे दोन-तीन हजार जास्त देऊ नका.

माप घेताना सुताराने केलेल्या पलंगावर भरवसा ठेवू नका. आतून, दोन्ही टोकांना टेप लावा. कित्येक पलंग काटकोनात नसतात. तयार गाद्या लांबीला बहात्तर, पंचाहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर इंचांच्या मिळतात. सहा फूट उंचीच्या पोराला बहात्तरची घेतलीत तर त्याचे पाय बाहेर, त्याला अठ्ठ्याहत्तरचीच घ्या. आणि गादीखाली काय आहे तेही बघा. आजकाल सगळीकडे सामान भरायचे बॉक्सचे पलंग, वर सलग प्लायवूड. गादीला खालून श्वासच नाही. पावसाळ्यात, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे तर विशेष, गादीच्या पोटाला बुरशी धरते आणि घरातल्यांना शिंका सुरू होतात. सुताराला बोलवून प्लायला वीतभर अंतरावर इंचभर भोकं पाडून घ्या. तासाभराचं काम आहे.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याची गादी सपाट आणि घट्ट हवी, त्यात तोंड रुतेल असं काही नको. बाळाला उताणं झोपवावं, भोवती उशा-लोड रचू नयेत. आणि कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्यांच्यासाठी पंपावर चालणारी, आळीपाळीने फुगणारी हवेची गादी मिळते, भाड्यानेही मिळते. तिच्यामुळे पाठीला जखमा व्हायचा धोका कमी होतो. पण ती आणली म्हणून कूस बदलून देणं थांबवायचं नाही. किती वेळाने बदलायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना कंपन्या शंभर रात्री वापरून बघायची मुभा देतात. सोय चांगली आहे, पण गादी न्यायला कोण येणार, त्याचे पैसे कोण देणार आणि डाग पडला असेल तर परत घेणार का, हे आधी लिहून मागा. गुंडाळलेली गादी आली की फुगायला एक-दोन दिवस द्या, नव्या फोमचा वासही तेवढ्यात जातो. अंगाला नव्या गादीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्याच रात्री फोन करू नका. वॉरंटी दहा वर्षांची असली तरी ती बहुतेक ठरावीक इंचाच्या वर खड्डा पडला तरच लागू होते. ‘आता आवडत नाही’ याची वॉरंटी नसते.

आणि ते प्लास्टिक काढा हो! नवी गादी मळू नये म्हणून लोक वर्ष-वर्ष प्लास्टिकसकट झोपतात. घाम आत कोंडतो, रात्रभर करकर आवाज. डागांची भीती असेल तर पाणी न शिरणारं कापडी कव्हर मिळतं, ते घाला आणि मशीनला धुवा. जुनी गादी टाकवत नाही म्हणून ती नव्या गादीखाली घालतात, तेही करू नका. जुनीचा खड्डा नवीत उतरतो, दोन महिन्यांत. कापसाची असेल तर पिंजाऱ्याकडे द्या, त्यातून चार-सहा उशा निघतात आणि एखादा लोडही. फोमची असेल तर दुकानदारालाच विचारा, कित्येक जण बदल्यात घेतात आणि बिलात थोडेफार पैसेही कमी करतात.

नमस्कार.