राजा घराबाहेर पडला की

नमस्कार श्रोतेहो.

आज जमलं तर समोर बुद्धिबळाचा पट मांडून ऐका. नसेल तर नुसतं ऐका, काही बिघडत नाही. डाव अठरा चालींचा आहे, चहा निवायच्या आत संपतो.

त्याआधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे मग मी मोकळा. समोरच्याचा राजा उघडा पडला की आपण काय करतो? शह दिसला की शह. वजीर घेऊन त्याच्या मागे धावत सुटतो, आणि शह देत देत त्याला सुखरूप त्याच्या घरी सोडून येतो! तर, धावू नका. त्याची परतीची वाट बंद करा. पुन्हा सांगतो: आधी परतीची वाट. शह त्यानंतर.

(मी वजीर म्हणतो. हल्ली वर्तमानपत्रांत ‘राणी’ छापून येते. आपल्याकडे लाकडाच्या मोहऱ्या आणि कापडी पट होता तेव्हापासून राजाशेजारी वजीरच उभा आहे. त्याला आता घालवायचं कारण मला तरी कळलेलं नाही. असो.)

तर डाव. वर्ष 1912, ऑक्टोबर महिना, लंडन. सिटी ऑफ लंडन चेस क्लबमध्ये एक जर्मन तरुण येतो. नाव एडवर्ड लास्कर, वय 26, पेशाने इंजिनिअर. तेव्हाचा जगज्जेता इमॅन्युएल लास्कर, तो हा नव्हे. आडनाव तेच, माणूस वेगळा. याला इंग्रजी येत नव्हतं. पण पटावर बसायला भाषा कुठे लागते? त्याच्यासमोर बसले जॉर्ज थॉमस. क्लबातले बडे खेळाडू. स्पर्धा वगैरे नाही, असाच हौसेचा डाव.

पांढरी लास्करकडे, काळी थॉमसकडे. थॉमसांनी आठव्या चालीला किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा हत्तीकडे दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्या पलीकडे ठेवला. राजा कोपऱ्यात, पुढे प्यादी. आपण म्हणू, झालं, घर बंद, कडी लावली. लास्करने वजीर उचलून त्या किल्ल्यासमोर, पटाच्या कडेला आणून ठेवला. थॉमसांनी आपला वजीर राजाच्या पुढच्या ओळीत आणला. त्यांचा हिशेब असा, की लास्करचा घोडा आपला उंट मारेल, आपण प्याद्याने तो घोडा मारू, वाट मोकळी होईल आणि आपला वजीर आडवा बघत कडेचं घर राखेल. हिशेब चोख होता.

आता अकरावी चाल. लास्करने आपल्या वजिराने त्याच कडेच्या घरातलं प्यादं मारलं. राजाला शह! वजीर फुकट. राजाने तो मारला. न मारून सांगतो कुणाला, दुसरी चालच नव्हती. म्हणजे राजाला त्याने स्वतःच्या हाताने दार उघडायला लावलं.

लगेच घोड्याने उंट मारला, आणि घोडा हलल्यामुळे मागच्या उंटाची वाट उघडली. दोघांचा एकदम शह. दुहेरी शहाला मध्ये मोहरा घालता येत नाही, राजालाच हलावं लागतं. मागे कोपऱ्यात गेला असता तर दुसऱ्या घोड्याने जागीच मात. म्हणून राजा पुढे आला. एक घर. दुसऱ्या घोड्याचा शह, राजा आणखी पुढे. कडेच्या प्याद्याचा शह, आणखी पुढे. शेजारच्या प्याद्याचा शह, आणखी पुढे! प्याद्यांनी राजाला हाकललं, श्रोतेहो, जशी गुरं हाकलावी तसं. आणि दोन्ही घोडे मागे उभे, परतीच्या वाटेवर. हे लक्षात ठेवा. घोडे मागे. पुढची वाट एका वेळी एका घरापुरती मोकळी ठेवलेली. एकाच घरापुरती!

मग उंट एक घर मागे घेऊन शह. हत्तीचा शह. आणि काळा राजा पोचला कुठे? पांढऱ्याच्या अगदी पहिल्या ओळीत, जणू लास्करच्या माजघरात. स्वतःच्या किल्ल्यापासून सात पावलं, पट अख्खा ओलांडून. त्याचा वजीर, दोन्ही हत्ती, एक घोडा, सगळे मागे, आपापल्या जागी, धन्याची वाट बघत.

अठरावी चाल. लास्करने स्वतःचा राजा एक घर बाजूला घेतला, बस्स. राजा हलला आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या हत्तीची पहिली ओळ मोकळी झाली. मात. आपल्याकडे प्यादेमातीचं केवढं कौतुक. इथे तर राजाच उठला आणि मात झाली. लांब बाजूचा किल्लेकोट केला असता तरी तीच मात होती.

आता खरी गंमत. थॉमस काय म्हणाले? फार छान झालं, एवढंच. शेजारच्या कुणीतरी ते लास्करला भाषांतर करून सांगितलं. लास्करने पुढे लिहून ठेवलंय की हाच डाव बर्लिनमध्ये झाला असता तर हरलेला म्हणाला असता, नशीब तुझं, मी अमुक चाल केली असती तर तूच मेला होतास. बर्लिन कशाला, आमच्या गल्लीतही हेच ऐकू येतं. हल्ली तर पोरं हरल्यावर समोरच्याकडे बघतही नाहीत, आधी मोबाइलवर कॉम्प्युटर काय म्हणतो ते बघतात.

हे थॉमस पुढे सर जॉर्ज थॉमस झाले. 1923 आणि 1934 साली बुद्धिबळात ब्रिटनचे विजेते. आणि बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडची 21 विजेतेपदं! आपल्या मुलांनी 2022 च्या मे महिन्यात बँकॉकला इंडोनेशियाला हरवून जो थॉमस कप आणला, तो याच थॉमसांच्या नावाचा. त्या रात्री किती जणांना या अठरा चाली आठवल्या असतील?

जाता जाता एक कोडं. चौदाव्या चालीला लास्करने कडेचं प्यादं दोन घरं सरकवून शह दिला, आठवतंय ना? त्याऐवजी राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं असतं, तर मात एक चाल आधी होती. कशी, ते पटावर मांडून बघा. काळ्या राजाला दोन वाटा आहेत, दोन्ही तपासा.

नमस्कार.